बाटलीच्या तळाशी बसलेलं पांढरं

रोह्याला थंडी पडते म्हणजे काय होतं, तर खोबरेल तेल बाटलीत घट्ट होतं आणि लोक कानटोप्या घालून दूध आणायला निघतात. उन्हं जरा वर आली की तेल परत पातळ आणि टोपी खिशात. अशा गावात राहून मी बर्फाळ डोंगरावर चालणाऱ्या बॅटरीवर काम करत होतो. रोह्याला लागूनच असलेल्या वरशातल्या माझ्या फ्लॅटच्या गॅलरीत बनियनवर बसून, पंख्याचा वारा घेत, उणे वीस अंशांचा विचार करणारा माणूस म्हणजे मी.

लोक विचारायचे, नक्की काय करता? मी आवाज जरा खाली आणून ‘संशोधन’ असं म्हणायचो. आमचं गाव पेणच्या खाडीकडचं. तिथे आईनं मात्र सगळ्यांना सोप्या भाषेत सांगून ठेवलं होतं की आमचा पोऱ्या बॅटरीत पाणी घालतो. त्यामुळे सुट्टीत गावी गेलो की कोणी ना कोणी इन्व्हर्टरची बॅटरी अंगणात आणून ठेवायचं. सुरुवातीला मला फार अपमान वाटायचा. पण मी खरोखर बॅटरीत पाणीच घालत होतो, तेव्हा भांडणार कुठल्या तोंडानं? निमूटपणे पाणी घालून द्यायचो.

ते काम थोडक्यात सांगतो. बॅटरीच्या दोन टोकांच्या मध्ये एक द्रव असतो. आपल्या मोबाइलमध्ये जो असतो तो पेट घेऊ शकतो, महागही असतो. त्याच्या जागी साधं पाणी वापरलं आणि लिथियमच्या जागी मिठातलं सोडियम वापरलं, तर बॅटरी स्वस्त होते आणि जळत नाही. पण पाण्याच्या दोन खोडी आहेत. विजेचा जोर जरा वाढवला की पाणी फुटून त्याचा वायू होतो, आणि थंडी पडली की ते गोठून बसतं. दोन्हींवर उपाय एकच. पाण्यात इतका क्षार विरघळवायचा की पाण्याचा कणन्‌कण क्षाराला धरून बसला पाहिजे. मग त्याला फुटायला सवड नाही आणि गोठायलाही नाही. हा क्षार म्हणजे खायचं मीठ नव्हे, सोडियमचाच दुसरा एक भाऊ. त्याचं नाव लिहायला कंपनीची परवानगी लागेल, आणि परवानगी मागायला गेलो तर नावाबरोबर बाकीचंही लिहिता येणार नाही.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. आणि तोंडपाठ असल्यामुळेच घोळ झाला. जास्त क्षारानं पाणी गोठत नाही, तर आणखी जास्त क्षारानं ते आणखी गोठणार नाही, असा माझा सरळ हिशेब. पंगतीत आग्रह करून जिलब्या वाढतात तसा मी त्या पाण्याला क्षार वाढत होतो. विरघळतोय ना, मग घे अजून.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. मी मिठागरात काम करणाऱ्याचा मुलगा. बाबा आयुष्यभर खाडीकाठच्या आगरात लाकडी फळीनं मीठ ओढत आले, अजूनही हंगामात जातात. पायांना पडलेल्या भेगा, त्या भेगांत जाणारं खारं पाणी, दुपारी डोळे उघडू न देणारा तो पांढरा उजेड, हे सगळं मी लहानपणी भरपूर पाहिलं आणि ठरवलं की आपण शिकायचं आणि यातून लांब जायचं. शिकलो काय, तर रसायनशास्त्र. नोकरी लागली कशात, तर पाण्यात सोडियमचा क्षार विरघळवण्यात. आगरातून निघालेला मी रोह्याला येऊन परत खाऱ्या पाण्याच्या काठावर उभा राहिलो, फरक एवढाच की अंगावर पांढरा कोट होता. कॉलेजात मी वडिलांचा व्यवसाय ‘शेती’ असा लिहायचो. कंपनीतही तेच सांगितलं होतं.

कंपनीनं या कामासाठी जुन्या स्टोअरमागची एक खोली दिली होती. एक डीप फ्रीझर, सेल चार्ज करून रिकामे करण्याचं एक यंत्र, एक टेबल, आणि आम्ही दोघं. दुसऱ्या म्हणजे मॅडम. अष्टमीच्या, म्हणजे पुलापलीकडच्या. सासू-सासरे, नवरा आणि एक शाळेत जाणारी मुलगी असं त्यांचं घर. रोह्याच्याच कॉलेजातून बी. एस्सी. केलेल्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, ठेकेदारामार्फत आलेल्या. त्यांचा करार वर्षावर्षानं वाढायचा. मी त्यांना ‘मॅडम’ म्हणायचो, अहो-जाहो करायचो, आणि तेवढ्यावर स्वतःला फार सुसंस्कृत समजायचो.

कामाची पद्धत अशी. संध्याकाळी निघताना कमीपासून जास्त क्षाराच्या क्रमानं दहा बाटल्या फ्रीझरमध्ये ठेवायच्या. मॅडम पहिल्या शिफ्टला सात वाजता यायच्या. बाटल्या बाहेर काढायच्या, काय दिसतं ते रजिस्टरात लिहायच्या, बाटल्या टेबलावर मांडून ठेवायच्या. मी जनरल शिफ्टचा. साडेनऊला यायचो. चहा, पेपर, गॅलरी, मग आंघोळ, मग स्कूटर, असा माझा क्रम होता आणि त्यात बदल करायचं मला कधी सुचलं नाही.

त्याच पाण्यानं भरलेले सेल काही चालेनात. बाहेर टेबलावर दिवसभर चालणारा सेल फ्रीझरमध्ये ठेवला की अर्ध्या तासात मान टाकायचा. मी क्षार वाढवायचो. सेल आणखी लवकर मान टाकायचा.

एके दिवशी मी आल्या आल्या मॅडम म्हणाल्या, "सर, जास्त क्षारवाल्या बाटल्यांच्या तळाशी कायतरी पांढरं बसतंय."

"बर्फ असेल."

"बर्फ वर तरंगतो ना सर. हे खाली बसतंय."

ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही समजावी. बर्फ पाण्यावर तरंगतो. पण मी त्या खोलीतला शास्त्रज्ञ होतो, त्यामुळे मला ती समजून घेण्याची गरज वाटली नाही. मी बाटली उचलून उजेडात धरली. साडेनऊपर्यंत रोह्याच्या हवेत ती चांगली कोमट झालेली असायची. तळाशी चार-दोन कण होते, तेही हलवल्यावर नाहीसे झाले.

"कचरा आहे," मी म्हणालो. "बाटल्या नीट धुतल्या जात नाहीयेत."

दुसऱ्या दिवसापासून बाटल्या चार पाण्यांनी धुतल्या जाऊ लागल्या. मग सहा. मग मी सांगितलं की शेवटची दोन पाणी डिस्टिल्डची घ्या. मग ब्रश बदलला, साबण बदलला, बाटल्या ओव्हनमध्ये वाळवायला लावल्या. पांढरं बसायचं ते बसतच होतं. मॅडमची बोटं पाण्यात राहून पांढरी पडली होती. ती मला दिसायची. लहानपणी घरात मी तशी बोटं रोज पाहिली होती, तरीही मी धुणं थांबवायला सांगितलं नाही.

एकदा त्या म्हणाल्या, "सर, एक दिवस सातला याल का? तुमच्या डोळ्यांनी बघा, कसं दिसतं ते."

"बघू," मी म्हणालो.

गेलो नाही. का गेलो नाही याचं काहीतरी भारदस्त कारण असतं तर मला आज बरं वाटलं असतं. कारण चहा आणि पेपर हेच होतं.

पुढे साहेबांनी विचारायला सुरुवात केली. आमचे साहेब म्हणजे तोंडानं गोड माणूस, पण महिन्याला एक प्रगतीचा कागद त्यांना लागतोच. त्या महिन्यात प्रगती नव्हती. मग मी मेल लिहिला. इंग्रजीत. नमुने दूषित होत आहेत, आणि त्याचं कारण हाताळणीतला निष्काळजीपणा. कोणाचा, ते लिहिलं नव्हतं. खोलीत माणसंच दोन, त्यातला एक मेल लिहिणारा, तेव्हा लिहायची गरजही नव्हती. ‘निष्काळजीपणा’ला कुठलं विशेषण लावावं यावर मी अर्धा तास घालवला. ‘सततचा’ हे मला फार आवडलं आणि मी तेच ठेवलं.

महिनाअखेरीस मॅडमचा करार वाढला नाही. गेटवर ठेकेदाराच्या माणसानं त्यांना सांगितलं की पास आता पुढे चालणार नाही. त्या खोलीत आल्या, कोट घडी करून टेबलावर ठेवला, रजिस्टर त्याच्यावर ठेवलं. मग मला म्हणाल्या, "सर, माझं काय चुकलं ते एकदा सांगा. घरी गेले की विचारतील."

मी म्हणालो, "तुमचं तसं काही नाही हो. वरून आलंय."

हे वाक्य बोलताना मी छताकडे पाहिलं होतं. पंखा फिरत होता. त्या निघून गेल्या.

घरी बायकोला हे सांगितलं, म्हणजे मला सोयीचं तेवढं सांगितलं. ती म्हणाली, "आता बाटल्या कोण धुणार?" मला वाटलं ही गंमत करतेय. ती गंमत करत नव्हती.

पुढचे पंधरा दिवस बाटल्या मी धुतल्या. मन लावून धुतल्या. आपण धुतलेली बाटली कशी लखलखते हे स्वतःशीच कौतुकानं पाहिलं. आता बाटल्या सातला बाहेर काढणारं कोणी नव्हतं, त्यामुळे त्या साडेनऊला मीच काढायचो, थेट फ्रीझरमधून. आणि काय बघतो, तर तळाशी चांगला बोटभर पांढरा थर. मी बाटली धुतलेली. मी पुसलेली. मी वाळवलेली. सरळ विचार करणाऱ्या माणसाला तिथेच कळलं असतं की हा काही धुण्याचा दोष नव्हे. मी मात्र खाली बसून दुसरा मेल लिहिला की कंपनीचं डिस्टिल्ड पाणी खराब आहे. त्या विभागाचा माणूस येऊन पाणी तपासून गेला. जाताना तो माझ्याकडे बघून असा हसला की दोन दिवस मी कँटीनला गेलो नाही.

मग फ्रीझर दुरुस्तीला गेला. शनिवार-रविवार खोली बंद राहणार होती. मला धीर धरवेना. सगळ्यात जास्त क्षाराची बाटली मी पिशवीत घालून गावी नेली. हे नियमात बसत नव्हतं आणि कोणी करूही नये. पेणच्या बाजारातून बर्फ घेतला, मासळीवाल्याकडून थर्माकोलचा खोका मागून घेतला, आणि घरी येऊन बर्फावर मुठी भरभरून जाडं मीठ टाकलं. कुल्फीवाले करतात तेच. बर्फात मीठ टाकलं की तो चांगलाच थंड होतो. त्यात बाटली खोचली, झाकण लावलं आणि खोका अंगणात जांभळाखाली ठेवला. आईनं विचारलं, कोळंबी आणलीस का? नाही म्हटल्यावर तिनं तोंड वाकडं केलं आणि आत गेली.

रविवारी सकाळी बाबा आगरातून आले. मिठाच्या गोणीचं तोंड सुटलेलं दिसलं तेव्हा, किती मीठ उडवलं ते बघायला म्हणून त्यांनी खोक्याचं झाकण उघडलं. मी ओसरीवरून ओरडलो, "बाबा, हात नको लावू. कामाचं हाय."

त्यांनी हात लावला नाही. उकिडवे बसले आणि बाटलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मीठ पिकलंय की रं."

"मीठ नाय बाबा. कचरा हाय. बाटली नीट धुतलेली नाय."

"कोनी धुतली?"

"मीच."

बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. लहानपणी गणितात शून्य मिळवून यायचो तेव्हा ते तसे बघायचे. रागानं नाही, हा आपलाच आहे ना अशा शंकेनं.

"कचऱ्याला कड असते काय रं?" ते म्हणाले. "बघ नीट. दानं कसं सरळ कापल्यागत हायत. कचरा कसा पन पडतो. हे धरलंय. पान्यातनं आलंय."

मी जवळ जाऊन बसलो. बाटली बर्फात होती, अजून गार. तळाशी पांढऱ्या चकचकीत काड्या एकमेकींवर आडव्यातिडव्या पडल्या होत्या. प्रत्येकीला धार होती. मॅडम असताना साडेनऊपर्यंत कोमट झालेल्या बाटलीत मला हे कधी असं दिसलं नव्हतं, आणि गेले पंधरा दिवस दिसत होतं तेव्हा मी ते डोळ्यांनी पाहत होतो पण मनानं डिस्टिल्ड पाण्याची तक्रार लिहीत होतो.

"इसरलास तू," बाबा म्हणाले. "मीठ काढून झाल्यावर कडू पानी उरतं नाय का, त्याच्यात माघात सकाळी सुया धरायच्या. ऊन झालं का परत पान्यात. तुला एकदा दाखवल्या तं तू एक तोडून तोंडात टाकलीस. दिवसभर थुंकत होतास."

आठवलं. बांधावर उभा राहून मी थुंकत होतो आणि बाबा पोट धरून हसत होते. तोंडातली कडू चवसुद्धा आठवली. गारठ्यात पाण्यातून सुटणारा आणि उन्हात परत गडप होणारा क्षार मी वयाच्या आठव्या वर्षी चाखून पाहिला होता, आणि पुढे दोन पदव्या घेऊन तो कचरा समजून बाटल्या धुवायला लावत होतो.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"पानी वाढव की. लय हाव करतोस. गारव्यात पान्याला जेवडं पेलल तेवडंच घाल, बाकीचं ते फेकनारच."

बस, एवढंच होतं. कमी क्षार असेल तर पाणी गोठतं. फार जास्त असेल तर पाणी गोठत नाही, पण क्षारच बाहेर पडून सेलची वाट अडवतो. मधे कुठेतरी एक जागा असते जिथे दोन्हीही होत नाही, आणि ती जागा मी मागे टाकून किती तरी पुढे निघून गेलो होतो. हे पुस्तकात आहे. मी परीक्षेत त्याचा आलेखही काढला होता, त्याला चांगले गुणही मिळाले होते.

तिथे अंगणात बसून माझ्या डोक्यात काय काय आलं ते खरं सांगतो. पहिला विचार सेलचा आला. दुसरा विचार असा आला की हे कागदावर कसं मांडावं, म्हणजे ते मीच शोधलं असं वाटेल. मॅडमचा विचार तिसरा आला. हे लिहायला मला लाज वाटते, पण क्रम तोच होता. तिसरा आला तो मात्र मग जाईना. जेवायला बसलो तरी समोर तोच घडी केलेला कोट.

सोमवारी मी सात वाजता कंपनीत गेलो. गेटवरच्या माणसानं घड्याळ पाहिलं, मग मला पाहिलं. खोलीत जाऊन मी मॅडमचं रजिस्टर उघडलं. पानापानावर त्यांचं अक्षर. ‘सात वाजता तळाशी पांढरे कण, भरपूर. आठला कमी. नऊला थोडे. साडेनऊला जवळपास नाहीत.’ क्षार जास्त त्या बाटलीत कण जास्त, क्षार अगदी कमी तिथे वर बर्फ, चौथ्या आणि पाचव्या बाटलीत एकदाही ना कण, ना बर्फ. कोणती बाटली घ्यायची ते त्या रजिस्टरात दीड महिना लिहून ठेवलेलं होतं. आणि प्रत्येक पानाखाली तपासल्याची सही होती. माझी. न वाचता केलेली, शेपटी वर वळवलेली, ऐटदार.

मी चौथ्या बाटलीचं पाणी घेऊन सेल भरले. फ्रीझर दुरुस्त होऊन आला होता. सेल आत ठेवले आणि खुर्ची ओढून यंत्रासमोर बसलो. अर्धा तास झाला, एक झाला, दुपार झाली. सेल चालत होता. बाहेरच्याइतका जोमात नाही, पण चालत होता. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण आता साहेबांकडे जायचं होतं.

साहेबांना फक्त एवढं सांगता आलं असतं की क्षाराचं प्रमाण सुधारलं आणि काम झालं. ते खूश झाले असते. त्यांच्या केबिनच्या दारापर्यंत मी तेच वाक्य घोळवत गेलो, आणि आत जाऊन तेच बोललोही. ते उठून हात मिळवायला लागले. हात हातात असताना मला मॅडमची ती पांढरी पडलेली बोटं आठवली, का कोण जाणे, आणि मी म्हणालो, "साहेब, तो मेल चुकीचा होता."

"कुठला मेल?"

"निष्काळजीपणाचा. बाटल्या स्वच्छ होत्या. ते पांढरं म्हणजे कचरा नव्हता, आपलाच क्षार होता. मॅडमनी रोज लिहून ठेवलं होतं. मी वाचलं नाही."

साहेब बसले. "मग आता कसं कळलं?"

"वडिलांनी ओळखलं."

"वडील केमिस्ट आहेत? तुम्ही तर शेती म्हणाला होता."

"मिठागरात आहेत."

साहेबांना हसू आवरेना. डोळे पुसत म्हणाले, "अहो, म्हणजे घरचंच मीठ आणि तुम्हाला ओळखता आलं नाही?" मीही हसलो. काय करणार? इतकी वर्षं लपवून ठेवलेली गोष्ट, तीही अशा ठिकाणी उघडी पडली की जिथे ती सांगितली असती तर उलट माझी पत वाढली असती. हसणं संपल्यावर साहेब म्हणाले, "हे लेखी द्या. तोंडी सांगून ठेकेदार ऐकणार नाही." मी लेखी दिलं. या मेलला दहा मिनिटंच लागली. यात विशेषण लावायचं कुठे हा प्रश्नच नव्हता.

ठेकेदारानं होकार दिला. संध्याकाळी मी स्वतः मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं. येत्या सोमवारपासून या, म्हणालो. पलीकडून ‘बरं’ आलं. मला वाटलं होतं की निदान ‘थँक यू सर’ येईल. मी चूक करायची, मी ती सुधारायची, आणि वर आभारही मीच घ्यायचे, अशी माझी तयारी होती.

"सर," त्या म्हणाल्या, "साहेबांना सांगितलंत, चांगलं झालं. माझ्या घरी कोण सांगणार?"

"म्हणजे?"

"तीन आठवडे झाले. मी कायतरी फोडलं नाहीतर सांडलं, असंच सगळे धरून चाललेत. सासूबाई तर शेजारीपण तेच सांगून आल्यात. आता नुसती कामावर आले तर म्हणतील, हातापाया पडून परत घेतलं हिला."

मी म्हणालो, "मी येतो."

बुधवारी पाचच्या सुमाराला स्कूटर काढली आणि पूल ओलांडून अष्टमीला गेलो. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून गावाहून आणलेले पोह्याचे पापड घेतले होते. दारात पोचल्यावर ते पुढे करू की मागे लपवू हे मला कळेना. सासरे टीव्ही बघत होते, त्यांनी आवाज बंद केला. मला प्लास्टिकची खुर्ची दिली. सासूबाई समोर कॉटवर बसल्या. मॅडम आत चहाला गेल्या.

मी सुरुवात केली ती विरघळण्यापासून. गरम पाण्यात साखर जास्त विरघळते, गार पाण्यात कमी, असं समजावत समजावत मी दहा मिनिटं बोललो. सासरे भल्या माणसासारखी मान डोलवत होते. मला आपलं बरं चाललंय असं वाटलं. सेल, उणे वीस, बर्फाळ डोंगर, सगळं सांगून झालं. एक वाक्य तेवढं राहिलं होतं आणि मी त्याच्याभोवती फिरत होतो.

सासूबाईंनी मला मधेच थांबवलं. "ते जाऊ दे साहेब. हिनं काय केलं ते सांगा."

"काही नाही."

"बाटल्या बरोबर धुतल्या?"

"बरोबर धुतल्या. उगाच धुतल्या. धुवायची गरजच नव्हती."

"फोडलं नाय काय?"

"नाही."

"मग काढली कशाला?"

"मी तक्रार केली म्हणून," मी म्हणालो. "खोटी. म्हणजे, मला तेव्हा खरी वाटली होती. पण बघायला गेलो असतो तर कळलं असतं. मी गेलो नाही. चूक माझी होती, त्यांची नाही."

हे बोलायला मला पाच सेकंद लागली असतील. त्याआधीची दहा मिनिटं कशासाठी घालवली ते मलाच ठाऊक.

मॅडम चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. सासूबाईंना माझ्याशी बोलायचं उरलं नव्हतं. त्या सुनेकडे वळल्या.

"मग गो, तू बोलली का नाय तवा?"

मॅडमनी ट्रे स्टुलावर ठेवला. पहिला कप सासऱ्यांना दिला, दुसरा मला.

"बोलले होते," त्या म्हणाल्या. "सरांना पण बोलले, तुम्हाला पण बोलले."

आणि त्या आत गेल्या. आम्ही तिघं मोठी माणसं त्या खोलीत चहा घेऊन बसलो होतो, आणि तिघांपैकी कोणालाच वर बघता येईना.